बाबांची मोकळी जागा

बदलीच्या गावात भाड्याचं घर बघायला गेलं की लोक विचारतात, नळाला पाणी किती वेळ येतं. माझे बाबा विचारायचे, इथून मोकळी जागा किती लांब आहे. घर दाखवणारा माणूस गोंधळायचा. त्याला वाटायचं, यांना गाडी लावायची असेल. मग बाबा समजावून सांगायचे, की जमीन हलली तर उभं राहायला जागा हवी. भिंत नको, झाड नको, विजेची तार नको, डोक्यावर आभाळ सोडून काही नको. घरमालकाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा. आई पदराने तोंड पुसायच्या निमित्ताने हसायची आणि मी लाजेने अर्धमेली व्हायचे.

बाबा कोयनेकडचे, पाटणजवळच्या एका खेड्यातले. शाळेत होते तेव्हा तिथे भूकंप झाला, सगळे झोपेत असताना. बाबा दाराच्या बाजूला झोपले होते आणि त्यांची धाकटी बहीण भिंतीच्या बाजूला. भिंत दगडामातीची होती, ती आत पडली. शेजारचे एक काका त्यातून सहीसलामत वाचले, आणि उजाडल्यावर घोंगडी आणायला आत गेले. पुढच्या धक्क्याने उरलेली भिंत त्यांच्यावर आली. मग कितीतरी महिने सगळं गाव खळ्यात झोपत होतं. तिथून बाबांनी दोन गोष्टी जन्मभरासाठी उचलल्या. हललं की मोकळ्यावर जायचं, आणि दुपार टळेपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही.

त्यामुळे आमच्या घरात खाटा भिंतीपासून हातभर लांब असत. कपाटं सुतळीने खिळ्यांना बांधलेली. भिंतीवर एकही तसबीर नाही, देवसुद्धा खाली चौरंगावर. माझा मामा आला की म्हणायचा, भाऊजी, उशीला पण एक दोरी बांधून टाका. बाबा हसायचे, पण दोरी सोडायचे नाहीत.

चेन्नईला बदली झाली तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांनी त्यांना सांगितलं, की तिथे भूकंप होत नाहीत. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि नेहमीचा प्रश्न घेऊन घर शोधायला लागले. ऑफिस नुंगंबाक्कमला, म्हणजे घर वेस्ट मांबलमला घेणं सोयीचं होतं. बाबांनी घेतलं बेझंट नगरला, हाउसिंग बोर्डाच्या तीन मजली इमारतीत, कारण गल्ली संपली की रस्ता आणि रस्ता ओलांडला की नजर पोचेल तिथपर्यंत वाळू. एवढी मोठी मोकळी जागा त्यांना उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. रोज सकाळी तिथे चक्कर मारून यायचे ते सातबारावर नाव लागल्यासारखे खूश होऊन. मी त्यांना त्या दिवसांत पहिल्यांदा गाढ झोपलेलं पाहिलं.

आमच्या दारासमोर एक आजी राहायच्या. तंजावरकडच्या मराठी. घराण्याने महाराष्ट्र सोडून कित्येक पिढ्या लोटलेल्या, पण घरात मराठीच बोलायच्या, तमिळच्या हेलात, आणि आम्ही फक्त पोथ्यांत वाचलेले शब्द घालून. आईला त्या परमुलखात देवासारख्या भेटल्या. आईची कॉफी त्यांना रोज लागायची. पहिला घोट घेतला की ठरलेलं वाक्य, "साखर उणी अहे, बाई." आई वरून चमचाभर घालायची आणि त्या ती न ढवळता प्यायच्या. त्यांचे गुडघे गेले होते. दुसऱ्या मजल्यावरून त्या वर्षभरात खाली उतरल्या नव्हत्या. त्यांच्या गॅलरीतून दोन इमारतींच्या मधून समुद्राची निळी पट्टी दिसायची, तेवढ्यावर त्यांची हौस भागायची. मुलगा आणि सून दोघं नोकरीला. मुलगा कॉम्प्युटर कंपनीत, अतिशय मऊ बोलणारा. बाबांना तो अंकल म्हणायचा आणि बाबांच्या भूकंपाच्या गोष्टी न कंटाळता ऐकून घ्यायचा. असा श्रोता बाबांना आमच्या घरात कधी मिळाला नव्हता.

त्या शनिवारी मुलगा आणि सून कुंभकोणमला एका लग्नाला गेले. जाताना किल्ली आईच्या हातात देऊन तो म्हणाला, आईकडे जरा लक्ष ठेवा. आई म्हणाली, हे काय सांगणं झालं.

रविवारी दत्तजयंती होती. आईचा उपास होता, सकाळीच तिची आंघोळ होऊन स्वयंपाकघर धुऊन झालं होतं आणि ती सुंठवड्यासाठी सुंठ कुटत होती. मी अंथरुणात लोळत होते. आधी मला वाटलं आईच्या खलबत्त्यानेच खाट हलतेय. मग खलबत्त्याचा आवाज थांबला आणि खाट हलतच राहिली. स्वयंपाकघरात खिळ्यांना टांगलेले झारे एकमेकांवर वाजत होते, हळू, कुणी मुद्दाम वाजवावेत तसे. मी डोकं वर काढलं तेव्हा बाबा दार उघडून जिन्यात पोचलेले होते. ते ओरडत नव्हते. त्यांच्या मोडक्या तमिळमध्ये प्रत्येक दार ठोठावून एकच वाक्य म्हणत होते, वेळिये वांग, बाहेर या.

सगळी इमारत खाली आली. लुंग्या सावरत, दात घासता घासता, हसत. इतकी वर्षं ज्या प्रसंगाची त्यांनी तालीम केली तो आला होता आणि बाबा त्यात अगदी शांत होते. मला त्यांचा त्या क्षणी अभिमान वाटला, हेही सांगायला हवं. पण थोड्याच वेळात लोकांना कॉफीची आठवण झाली आणि एकेक जण वर जायला लागला. बाबांनी अडवून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. कोयना कुठे आहे हेच तिथे कुणाला माहीत नव्हतं.

तेवढ्यात बाबांना आजी आठवल्या. किल्ली घेऊन ते वर गेले. आमची निळी प्लास्टिकची खुर्ची नेली, आजींना तिच्यात बसवलं आणि वॉचमनला हाताशी घेऊन ती खुर्ची जिन्याने खाली आणली. आजी आधी घाबरल्या, मग एकेक मजला उतरला तशा खुलायला लागल्या. खाली आल्यावर बाबांनी वर पाहिलं. अंगण अरुंद, वर पाण्याची टाकी, बाजूला जुनी कंपाउंडची भिंत. इथे ठेवून काय उपयोग, म्हणाले. आई वैतागली होती. तिने विचारलं, मग काय समुद्रात नेऊन ठेवणार आहात का. ती हे चिडून बोलली होती. पुढे ते वाक्य तिच्या स्वतःच्याच तोंडून आलं होतं यावर तिचा विश्वास बसत नसे.

कोपऱ्यावरच्या रिक्षात आजी बसल्या, बाबा त्यांच्याशेजारी खुर्ची मांडीवर धरून, आणि आई व मी मागून चालत. वाळूत, पाण्यापासून चांगली लांब, बाबांनी खुर्ची रोवली आणि आजींना तिच्यात बसवलं. पोरं क्रिकेट खेळत होती. फिरायला आलेले लोक फिरत होते. ऊन कोवळं होतं आणि समुद्र अगदी गरीब दिसत होता. बाबांनी चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाले, "इथे डोक्यावर काही पडणार नाही."

आईने थोडा वेळ काढला. मग म्हणाली, मी चालले, माझं देवाचं पडलंय. बाबा रागावले. दुपारपर्यंत कुणी आत जायचं नाही म्हणाले. आई म्हणाली, दत्तगुरू बघून घेतील. त्यांचं हे असं चाललेलं असताना आजी दोघांकडे बघत होत्या. त्या आईला म्हणाल्या, "तुम्हीं जावा बाई. मी समुद्र पाहत बसतें. येतांना कॉफी मात्र धाडा." कॉफीचं नाव निघाल्यावर बाबा हरले. मला आईबरोबर पाठवलं, गॅस पेटवा पण दार उघडं ठेवा, म्हणाले, आणि स्वतः आजींच्या पायाशी वाळूत बसले.

आईने कॉफी केली. साखर आधीच जास्त घातली, फ्लास्क भरला, पेला दिला. मी गल्लीतून निघाले.

लाट मी पाहिली नाही. लोक अजून विचारतात केवढी होती, आणि मला काही सांगता येत नाही. आधी आवाज आला, खडीचा ट्रक रिकामा करताना येतो तसा, पण थांबेना. मग गल्लीच्या तोंडाशी माणसं दिसली, माझ्याकडे धावत येणारी. बूट घातलेले फिरायला आलेले लोक, ओल्या साडीतली एक बाई, खांद्यावर पोर घेतलेला एक माणूस. कुणी काही बोलत नव्हतं, नुसते धावत होते. त्यांच्यामागून उकडलेल्या चण्यांचं सुंडल विकायची हातगाडी आली. ती ओढायला कुणीच नव्हतं. तिच्याखाली तपकिरी पाणी होतं आणि त्यात चपला होत्या, कितीतरी चपला. पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत आलं. एका घराच्या पायऱ्यांवरून कुणीतरी माझा दंड धरून मला वर ओढलं. मी फ्लास्क छातीशी धरला होता. मला वाटत होतं, सांडायला नको.

मग पाणी मागे फिरलं, आलं त्याहून वेगाने, सगळं ओढत. रस्त्यावर मासे तडफडत होते. लोक ओरडत होते की परत येतंय, वर चला, वर चला. मी खाली उतरून उलट्या दिशेने गेले.

किनाऱ्याच्या रस्त्यावर एका बंगल्याची कंपाउंडची भिंत होती, तिच्यावर लोखंडी जाळी. बाबा त्या भिंतीला चिकटलेले होते. दोन्ही हातांची बोटं जाळीत अडकवलेली, कपाळ फुटलेलं, एका कानात वाळू भरलेली. दोन माणसांनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. पलीकडे वाळूवर काहीच नव्हतं. खुर्ची नव्हती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फ्लास्ककडे, आणि खाली बसले.

आजी दुपारी सापडल्या, कोळ्यांच्या वस्तीच्या बाजूला.

सरकारी दवाखान्यात बाबांच्या कपाळाला टाके घालत होते तेव्हा ते एकदाच सगळं बोलले. पुन्हा कधी नाही. समुद्र आधी मागे गेला, म्हणाले. पोरं टाळ्या पिटत पाण्यामागे धावली. "मला वाटलं, बरं झालं, जागा आणखी मोकळी झाली." मग आजींनी हात वर करून काहीतरी दाखवलं. बाबांनी वळून पाहिलं आणि आजींसकट खुर्ची उचलायला गेले. रस्त्यापर्यंत त्यांनी ती आणलीही होती. ओली खुर्ची हातात राहत नाही, एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवलं.

संध्याकाळी आजींचा मुलगा आला. मिळेल त्या बसने, सुनेला तिथेच ठेवून. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो आमच्यासमोर उभा राहिला आणि बाबांचे ओठ हलायला लागले, पण आवाज फुटेना. आईने एक क्षण बाबांकडे पाहिलं आणि तीच बोलली. "त्यांनाच समुद्र बघायचा होता. फार मागे लागल्या. आमचे हे सोबत गेले." मुलाने मान हलवली. भिंतीकडे बघत तो म्हणाला, "अम्माने कॉफी घेतली होती का?"

आई म्हणाली, हो, घेतली होती.

फ्लास्क माझ्या मांडीवर होता, भरलेला. मी त्यावर ओढणी ओढली. दुसऱ्या दिवशी मोरीत ओतताना ती कॉफी अजून कोमट होती, आणि मी तिथेच बसून रडले. बाबांसाठी नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता. लोक वर जाऊन कॉफी पीत बसले होते, ते सगळे जिवंत होते. वर्षभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही, आणि त्यांनीही त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

आम्ही वेस्ट मांबलमला घर बदललं. घर दाखवणाऱ्याला बाबांनी काहीही विचारलं नाही. आईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. एक दिवस बाबा ऑफिसातून आले आणि कपाटांच्या सुतळ्या सोडून टाकल्या. खाटेचं त्यांनी काही केलं नाही, पण सकाळी उठून पाहावं तर झोपेत खाली उतरून ते भिंतीला लागलेले असत. मांबलम स्टेशनात गाडी शिरली की आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात. त्या थरथरल्या की बाबा बोलायचे थांबत, गाडी निघून जाईपर्यंत. घरात प्लास्टिकची खुर्ची आम्ही पुन्हा आणली नाही. पाहुणे जास्त झाले की सतरंजी घालायची.

मुलगा आमच्याशी तसाच राहिला. तोच कठीण भाग होता. सणाला यायचा, बाबांच्या पाया पडायचा. दत्तजयंतीला मात्र येता येत नसे, कारण त्या तिथीला त्याच्या घरी आईचं श्राद्ध. आमच्याकडे पाळणा, त्याच्याकडे पिंड. सुंठवडा त्याच्याकडे पाठवावा की नाही हे आईला कधी ठरवता आलं नाही. ती दर वर्षी पुडी बांधायची आणि दर वर्षी ती पुडी आमच्याच डब्यात राहायची. तो येऊन गेला की बाबा दोन-दोन दिवस जेवत नसत. एकदा मी रागाने म्हणाले, की मग सांगून का टाकत नाही त्याला. बाबा म्हणाले, "तुझी आई खोटी पडेल." आई आतून ऐकत होती. ती बाहेर आली नाही.

काही वर्षांनी जमीन पुन्हा हलली. भर दुपारी. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते, मी ताप होता म्हणून घरी. पंखा झुलायला लागला, झारे वाजले, तोच आवाज. खालच्या रस्त्यावर लोकांचा गलका झाला. आई माझा हात धरून दाराकडे ओढत होती आणि मी मागे वळून पाहिलं. बाबा उठले होते. ते दाराकडे निघाले, थांबले, खिडकीकडे गेले, थांबले. मग खोलीच्या आतल्या भिंतीशी जाऊन, तिला पाठ लावून खाली बसले. मी ओरडले, बाबा, चला. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "भिंत पडते. वाळू वाहून जाते. कुठे जायचं ते तू सांग."

आई दारातून परत फिरली आणि त्यांच्या शेजारी बसली. मीही बसले. आम्ही तिघं त्या भिंतीला टेकून बसलो आणि माझा इतक्या वर्षांचा राग त्या बसण्यात कुठे गेला मला कळलं नाही. जमीन थांबली. टीव्हीवर समुद्राचा इशारा द्यायला लागले.

तेव्हा फोन वाजला. मुलाचा. तो सिरुसेरीला कामाला होता, तिथली सगळी ऑफिसं रिकामी करून माणसं बाहेर आणली होती. वाळूच्या त्या दिवसापासून बाबांना एका कानाने ऐकू येत नसे, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असायचा. तो म्हणाला, अंकल, बाहेर आलात ना. मोकळ्यावर उभे राहा, दुपार टळेपर्यंत आत जाऊ नका, मी इथे सगळ्यांना तुमचंच सांगतोय.

बाबांचा चेहरा पाहवेना. ते म्हणाले, मी घरातच आहे. मग म्हणाले, "तुझ्या आईला मी नेलं होतं. तिने म्हटलं नव्हतं. मी नेलं."

आईने डोळे मिटले. पलीकडे कितीतरी माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. त्यातून तो म्हणाला, त्याच मऊ आवाजात, "माहीत अहे, अंकल. अम्माला जिना कुठे उतरतां येत होता?"

इतकी साधी गोष्ट होती. आम्हा तिघांना ती कधी सुचली नव्हती. म्हणजे तो पहिल्या दिवसापासून, त्या व्हरांड्यात उभा राहिल्यापासून जाणत होता, आणि दर सणाला येऊन पाया पडत होता. बाबा रडले नाहीत.

मग तो म्हणाला, "आंटी म्हणालीं तें तरी खरें ना, अंकल? कॉफी घेतली होती ना तिने?"

आईने बाबांचा हात धरला. मी फ्लास्क छातीशी धरून गल्लीत उभी असताना बाबा आजींच्या पायाशी बसलेले होते. त्यांच्याइतकं पक्कं कुणाला माहीत होतं? आणि आत्ताच तर त्यांनी खरं बोलून टाकलं होतं.

"घेतली," बाबा म्हणाले. "सगळी घेतली. साखर उणी अहे म्हणाली."

पलीकडे तो हसला. मग त्याचं हसू मोडलं. बाबांनी फोन ठेवला नाही. खालून लोक वर यायला लागले होते, जिन्यात त्यांचे आवाज येत होते, आणि आम्ही तिघं भिंतीला टेकून त्याचं रडणं संपायची वाट बघत बसलो.